ग्रंथगुरू रंगनाथन्

आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. चिठ्ठी पुढे करावी, पुस्तक हाती घ्यावे, वहीत सही करावी आणि निघून जावे, असा त्यांचा परिपाठ असतो. पुस्तक देणाऱ्या गृहस्थांच्या मुखाकडे पाहण्याचे कारण त्यांना सहसा पडत नाही. तुमचे गुरुजन कोण, असे या मुलांना विचारले तर ती गणिताच्या, इंग्रजीच्या व संस्कृतच्या शिक्षकांची नावे सांगतील. ग्रंथपालाचे नाव त्या यादीत येईलच असे नाही. यात मुलांचा फारसा दोष नाही. मोठमोठ्या विश्वविद्यालयांतील विद्वानांचीही समजूत पुष्कळ काळपर्यंत अशीच होती. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा, पुस्तकांवरील धूळ झाडून घेणारा आणि हरवलेल्या पुस्तकाचा दंड वसूल करणारा तो ग्रंथपाल, एवढीच त्याची योग्यता मानली जात असे. अध्यापकांच्या सभेत त्याने बसावे, अभ्यासक्रमाचा विचार चालला असता आपले मत द्यावे, हे कोणाच्या मनातही येत नसे.

ही समजूत आपल्या देशात पालटावी म्हणून ज्या पुरुषाने आयुष्याची सुमारे अर्धशतक वर्षे वेचली, त्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांचे चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

रंगनाथन् यांचा जन्म १८९२ सालच्या ऑगस्ट महिन्यात तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. घराणे मध्यम स्थितीतले, थोडीशी शेतीवाडी असलेले होते. वडील रामामृत अय्यर यांना रामायण सांगण्याची आवड असून ते जवळच्या मंडळींना जमवून निरूपण करीत. परंतु पितृसुख रंगनाथन् यांच्या नशिबी फार दिवस नव्हते. मुलगा सहा वर्षांचा असतानाच वडील निवर्तले. गावच्या शाळेतच त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या ठिकाणी बुद्धी होती, चिकाटी होती. पण एक मोठे न्यूनही होते. बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. ज्या मुलाला चार माणसांत एक वाक्य सरळ उच्चारणे कठीण, तो पुढे अध्यापक होईल आणि थोरामोठ्यांच्या सभांत आपल्या धंद्याची बाजू मांडील, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते कोणासही खरे वाटले नसते.

उच्च शिक्षणासाठी ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. स्कॉटलंडमधील मिशनने चालविलेले हे कॉलेज त्या काळी दक्षिणेतील अग्रगण्य विद्यास्थानांत गणले जाई. तेथे गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस हे त्यांना गुरू लाभले. जगप्रसिद्ध गणिती श्रीनिवास रामानुजन् यांच्या बुद्धीची पारख असलेल्या मोजक्या मंडळींपैकी हे रॉस एक होत. रंगनाथन् यांनी १९१३ साली बी. ए. व १९१६ साली गणितात एम. ए. ही पदवी संपादन केली. ज्या शिष्याला गुरूची खरी ओळख पटते, त्याची गुरुभक्ती परीक्षेबरोबर संपत नाही. रॉस यांच्याविषयीचा आदर रंगनाथन् यांनी जन्मभर जतन केला. आणि उतारवयात, १९६७ साली, त्यांनी रामानुजन् यांच्यावर एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला.

एम. ए. झाल्यावर त्यांनी शिक्षकाची सनद मिळविली व १९१७ पासून ते सरकारी कॉलेजांत गणित शिकवू लागले. प्रथम मंगळूर, नंतर कोइमतूर आणि शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज, असा त्यांचा क्रम झाला. जिभेचे न्यून त्यांनी सततच्या अभ्यासाने पुष्कळ अंशी जिंकले. विद्यार्थ्यांना ते आवडू लागले होते आणि आयुष्य याच मार्गाने जाईल असे दिसत होते. इतक्यात एक विलक्षण योग आला.

मद्रास विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालची. त्याच्या ग्रंथालयासाठी आता एक शिकलासवरलेला, पूर्ण वेळ काम करणारा ग्रंथपाल नेमावा असे ठरले. जागेसाठी सुमारे नऊशे अर्ज आले. परंतु ग्रंथालयाच्या कामाचे रीतसर शिक्षण झालेला असा त्यांत एकही मनुष्य नव्हता. रंगनाथन् यांनी मित्रांच्या आग्रहास्तव अर्ज टाकला होता खरा, पण पुढे ती गोष्ट ते विसरूनही गेले होते. मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा त्यांना आश्चर्यच वाटले. विश्वकोशातील ग्रंथालयांविषयीचा एक लेख त्यांनी मुलाखतीपूर्वी वाचला, तेवढीच त्यांची तयारी. तथापि निवड त्यांचीच झाली आणि १९२४ सालच्या जानेवारीत ते मद्रास विश्वविद्यालयाचे पहिले ग्रंथपाल झाले.

आमच्या वाचकांना वाटेल की, येथून त्यांच्या कीर्तीचा आरंभ झाला. परंतु तसे घडले नाही. पहिल्या काही दिवसांतच त्यांचा जीव त्या नव्या जागेत गुदमरू लागला. वर्गातील गजबज गेली. प्रश्न विचारणारी मुले गेली. समोर उरली ती मुक्या पुस्तकांची रांग आणि क्वचित येणारा एखादा वाचक. त्यांनी वरिष्ठांची गाठ घेतली आणि आपल्याला पुन्हा गणिताच्या जागेवर पाठवा, अशी विनंती केली. वरिष्ठांनी मोठ्या शहाणपणाने तोड काढली. प्रथम इंग्लंडात जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, आणि परत आल्यावरही मन रमले नाही तर जुनी जागा खुशाल घ्यावी, असे ठरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या वेळी ग्रंथपालांच्या शिक्षणाची शाळा होती. तेथे क्रॉयडन शहराचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स हे वर्गीकरण शिकवीत. त्यांच्या सल्ल्याने रंगनाथन् यांनी इंग्लंडातील लहानमोठी अनेक ग्रंथालये पायाखाली घातली. तेथे त्यांनी काय पाहिले? गिरणीतला मजूर, घरकाम करणारी स्त्री, शाळकरी मूल अशी सर्व प्रकारची माणसे ग्रंथालयात येतात, कपाटापर्यंत स्वतः जातात, पुस्तक हाताळून निवडतात, आणि अडले तर ग्रंथपालाला विचारतात; व तो एखाद्या शिक्षकाच्या आपुलकीने त्यांना वाट दाखवितो. गणिताचा अध्यापक ज्या वर्गाला मुकला होता, तो वर्ग त्याला येथे पुन्हा सापडला. फरक एवढाच की, या वर्गाला भिंती नव्हत्या, वयाची अट नव्हती आणि परीक्षाही नव्हती.

याच मुक्कामात लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके व स्क्रू थोडेच. पण ते निरनिराळ्या रीतींनी जोडून त्यांतून कधी पूल, कधी गाडी, तर कधी यारी उभी करता येते. हे पाहताच त्यांच्या गणिती बुद्धीत वीज चमकली. पुस्तकांचे विषयही असेच थोड्या मूळ घटकांतून जुळवून दाखविता आले तर? तोपर्यंतच्या पद्धतींत प्रत्येक विषयाला आधीच एक ठरावीक खण नेमून दिलेला असे. नवा विषय निघाला की त्याला जागा शोधताना ओढाताण होई. रंगनाथन् यांनी विषयाचे घटक पाडले व ते जोडण्यासाठी दोन टिंबांची, म्हणजे कोलनची, खूण योजिली. फुप्फुसांच्या क्षयावर अमुक देशात, अमुक काळी, अमुक उपायाने केलेले संशोधन, एवढा लांबलचक विषय असला तरी त्यातील प्रत्येक अंगाला आपापले चिन्ह मिळते आणि पुस्तक आपल्या योग्य शेजाऱ्यांजवळ जाऊन बसते. स्वदेशी परतताना बोटीवरील ग्रंथसंग्रहच त्यांनी आपल्या नव्या रीतीने लावून पाहिला. जुन्या जागेवर परत जाण्याचा विचार समुद्रातच बुडाला असे म्हणावयास हरकत नाही.

१९२५ साली ते मद्रासला आले आणि पुढची वीस वर्षे त्यांनी त्या ग्रंथालयाला अक्षरशः वाहून घेतले. दिवसाचे बारा-तेरा तास काम, आठवड्याचे सातही दिवस हजेरी, रजा म्हणून ठाऊक नाही, अशी त्यांची वृत्ती होती. पहिल्या पत्नी रुक्मिणीबाई १९२८ साली अपघाताने वारल्या. पुढल्या वर्षी शारदाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या लग्नाच्या दिवशीही विधी आटोपल्यावर दुपारी ते कामावर हजर झाले, असे सांगतात. असा कामसूपणा प्रत्येक गृहस्थाश्रमी माणसाने अंगीकारावा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यावरून त्यांच्या निष्ठेची कल्पना येते.

त्यांची ग्रंथरचनाही याच काळातील. १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या सूत्रांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, कुलुपात ठेवण्यासाठी नव्हेत. प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय ही वाढत्या शरीरासारखी सजीव वस्तू आहे. ऐकताना ही सूत्रे किती साधी वाटतात! परंतु ज्या काळी पुस्तक हरवू नये हीच ग्रंथालयाची मुख्य चिंता होती, त्या काळी त्यांत केवढी क्रांती साठविलेली होती, हे विचारी वाचकांच्या ध्यानात येईल. द्विबिंदू वर्गीकरणाचा ग्रंथ १९३३ साली व सूचीच्या नियमांचा ग्रंथ १९३४ साली बाहेर पडला. १९४२ साली शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांविषयीही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आता आम्ही या चरित्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. विश्वविद्यालयाचा कारभार एकट्या कुलगुरूंच्या हातात नसतो. त्यासाठी निरनिराळ्या सभा असतात. कोणती सिनेट, कोणती सिंडिकेट, तर कोणती विद्वत्सभा. कोणते विषय शिकवावे, परीक्षा कशा घ्याव्या, पैसा कोठे खर्चावा, याचा निर्णय या सभांत होतो आणि अध्यापकांना त्यांत बोलण्याचा अधिकार असतो. आता असे समजा की, सभेने एक नवा विषय शिकविण्याचे ठरविले. अध्यापक नेमले, तास लावले. पण त्या विषयाची पुस्तके ग्रंथालयात आहेत की नाहीत हे कोणी पाहिलेच नाही. मुले पुस्तके मागू लागली म्हणजे ग्रंथपालाला नव्या विषयाची वार्ता कळावयाची! कोणती पुस्तके झिजेपर्यंत वाचली जातात, कोणती वर्षानुवर्षे अस्पर्श पडून राहतात, कोणत्या वर्गाची मुले ग्रंथालयात फिरकतच नाहीत, हे ज्याला सर्वांत अधिक ठाऊक, त्यालाच विचारविनिमयाच्या वेळी दाराबाहेर ठेवावयाचे, ही रीत विद्येच्या हिताची खचित नव्हे.

रंगनाथन् यांनी हे ओळखले होते. परंतु केवळ मागणी करून मान मिळत नाही, हेही ते ओळखून होते. आम्हाला शिक्षकांच्या पंक्तीत बसवा, असे म्हणणाऱ्याला लोक सहजच विचारणार की, तुमची विद्या कोणती? म्हणून त्यांनी प्रथम ग्रंथपालाच्या कामाला शास्त्राचे रूप दिले. नंतर ते शास्त्र शिकविण्याची सोय केली. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. त्याच्या वतीने १९२९ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला आणि १९३१ साली तो वर्ग विश्वविद्यालयाने आपल्याकडे घेतला. आधी विद्या, मग विद्यार्थी आणि त्यानंतर अधिकार, असा हा क्रम होता. पायऱ्या न गाळता चढणाऱ्या गणित्यालाच तो शोभेल.

तथापि सेवेचे फळ सदैव सेवेच्या मापाने मिळत नाही. १९४५ साली विश्वविद्यालयाच्या वरिष्ठांशी त्यांचा बेबनाव होऊन त्यांनी आपल्या जागेचा राजीनामा दिला. दोष किती कोणाचा, याचा निवाडा आम्ही करीत नाही. रंगनाथन् हे स्वतःशी कठोर होते आणि आपल्या मताला घट्ट धरून बसणारे होते, हेही खरे. परंतु वीस वर्षे ज्या वास्तूची वीट न् वीट आपण रचली, तिच्या दाराबाहेर पन्नाशी उलटल्यावर पडावे लागणे, याचे दुःख केवढे असेल! काही काळ त्यांचे मन अगदी खिन्न झाले होते. नुसती निष्ठा पुरी पडत नाही, कामाला अधिकाराची जोडही लागते, हा कडू धडा त्यांना या प्रसंगाने दिला असावा असे आम्हास वाटते.

अशा वेळी काशीहून बोलावणे आले. बनारस हिंदु विश्वविद्यालयाचे कुलगुरू त्या वेळी सर्वपल्ली राधाकृष्णन् हे होते. त्यांनी रंगनाथन् यांना ग्रंथपाल व ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक या दुहेरी नात्याने पाचारण केले. ग्रंथपालाच्या नावापुढे प्राध्यापक हा शब्द लागला, ही गोष्ट लहान नव्हती. तेथे त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण जवळजवळ एकहाती पार पाडले. १९४७ साली दिल्ली विश्वविद्यालयाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते तिकडे गेले. तेथे ग्रंथालयशास्त्र हा पदव्युत्तर पदवीचा व पुढे संशोधनाचाही विषय झाला. ज्या विषयाचे पदवीधर व संशोधक विश्वविद्यालय स्वतःच तयार करते, त्या विषयाच्या जाणत्याला अध्यापकांच्या सभेत परका कसे म्हणता येईल? वादाने जे सिद्ध झाले नसते, ते रंगनाथन् यांनी कार्याने सिद्ध केले. १९४८ साली याच विश्वविद्यालयाने त्यांना सन्मानपूर्वक डॉक्टर ही पदवी दिली. त्याच साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामागेही त्यांचेच अनेक वर्षांचे परिश्रम होते. येथे आमच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे की, आपल्या कोल्हापूर संस्थानात असा कायदा त्याच्याही आधी, १९४५ साली झाला होता.

मद्रास विश्वविद्यालयाविषयी त्यांच्या मनात काही अढी राहिली होती काय? याचे उत्तर त्यांनी १९५६ साली दिले. आयुष्यभर काटकसरीने साठविलेले एक लाख रुपये त्यांनी त्याच विश्वविद्यालयाला अर्पण केले, आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकाची एक जागा आपल्या पत्नीच्या, शारदाबाईंच्या, नावाने स्थापन करविली. जेथून आपण व्यथित होऊन निघालो, तेथेच आपल्या मागून येणाऱ्यांसाठी मानाचे आसन मांडून ठेवावे, यापरते थोर उट्टे ते कोणते! क्षमेचा उपदेश आम्ही शिक्षक नेहमी करतो. येथे तर ती प्रत्यक्ष आचरलेली दिसते.

यानंतरचा प्रसंग आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. विश्वविद्यालय अनुदान मंडळाचे अध्यक्षपद १९५६ ते १९६१ या काळात आपल्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. या मंडळाने १९५७ साली विश्वविद्यालयांच्या व कॉलेजांच्या ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष म्हणून रंगनाथन् यांची योजना केली. जो मनुष्य तेहतीस वर्षांपूर्वी आपल्या एकाकी खुर्चीला कंटाळून पळू पाहत होता, तोच आता साऱ्या देशातील ग्रंथपालांच्या खुर्चीची जागा ठरविण्यास बसला. ग्रंथालयातील शिक्षित सेवकांचा दर्जा व वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस या समितीने केली. विश्वविद्यालयाचा ग्रंथपाल हा प्राध्यापकाच्या तोलाचा, व त्याचे साहाय्यक आपापल्या पायरीप्रमाणे इतर अध्यापकांच्या तोलाचे, असे तिचे धोरण होते. मंडळाने हे तत्त्व उचलून धरले. सर्व ठिकाणी ते एकदम अमलात आले असे नाही. परंतु दार उघडले ते उघडलेच.

त्या दारातून पुढे कोण आत आले, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी १९९४ साली जो कायदा झाला, त्यात शिक्षक या शब्दाच्या व्याख्येत विद्यापीठाचा व महाविद्यालयाचा ग्रंथपाल यांचाही समावेश करण्यात आला. कायद्यातील व्याख्येची एक ओळ वाचताना आपणास ती रूक्ष वाटते. परंतु त्या ओळीमागे शियाळी गावच्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचे सारे आयुष्य उभे आहे, असे आम्हास वाटते.

शेवटची वर्षे रंगनाथन् यांनी बंगळुरास काढली. तेथे १९६२ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रलेखनाचे संशोधन व शिक्षण देणारे केंद्र निघाले. भारत सरकारने १९५७ साली त्यांना पद्मश्री दिली व १९६५ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांचा गौरव केला. मानमरातब वाढले तरी साधी राहणी सुटली नाही आणि लेखणीही थांबली नाही. २७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केल्यावर, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

विद्यार्थीहो, या चरित्रापासून तुम्ही काय घ्यावे? जन्मतः असलेले न्यून अभ्यासाने हटते, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, जे काम वाट्याला आले ते हलके आहे म्हणून रडत बसू नये. ते अशा रीतीने करावे की त्या कामाचीच पायरी उंचवावी. मोठ्या जागेवर बसून मोठे दिसणारे लोक पुष्कळ असतात. आपण बसलो ती जागाच मोठी करणारे विरळा.

आणि पालकांनाही आमची एक नम्र विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी शाळेतून घरी आली की, आज कोणत्या शिक्षकांनी काय शिकविले, असे आपण विचारता. त्याबरोबरच, आज ग्रंथालयातून कोणते पुस्तक आणले आणि ते निवडण्यास कोणी मदत केली, हेही विचारीत जा. विद्यापीठाच्या सभेत ग्रंथपालाला आसन मिळण्यास अनेक दशके लागली. मुलांच्या मनातील गुरुजनांच्या यादीत त्याला जागा देण्यास मात्र एक दिवसही लागू नये.